फुटका लाडू मोजत नाहीत

शंतू वाचला.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. ते इथे नव्हतंच. फाल्गुनातल्या त्या दुपारी शंतू शाळेच्या मैदानात धावत होता आणि त्याचं पुढे काय होणार, हे वावळवाडीत कोणालाही ठाऊक नव्हतं.

त्याची थोरली बहीण स्पृहा कट्ट्यावरून डोळ्यात तेल घालून त्याच्याकडे पाहत होती. शंतूला दमा. गावातली वावळाची झाडं फुलली की त्याची छाती शिट्टी वाजवायची. म्हणून आईने त्याचा पंप (छातीतल्या नळ्या मोकळ्या करणारं, ओढून घ्यायचं औषध) स्पृहाच्या खिशात टाकला होता आणि त्याबरोबर सगळी काळजीही.

मैदानाच्या मधोमध शिंकरे उभे होते. शिंकरे हा यंत्रमानव. हवेतले परागकण (फुलातली बारीक पिवळी भुकटी) मोजायचे आणि जितके कण जास्त तितकं जोरात शिंकायचं, हे त्यांचं काम. स्पृहाच्या आजोबांनी, नानांनी, त्यांना घडवलं होतं. नाना वनस्पतिशास्त्रज्ञ. मोजणी शिकवायला हाताशी काही नव्हतं, म्हणून त्यांनी आत्याच्या लग्नात रुखवताचे लाडू मोजायला शिंकऱ्यांना बसवलं होतं. गाव शिंकऱ्यांना अहोजाहो करायचं, कारण ग्रामपंचायतीत वेळेवर येणारे तेवढे एकटेच होते.

गावाचा नियम सोपा होता. शिंकरे शिंकले की खिडक्या बंद. शिंकरे गप्प की पोरं मैदानात.

सकाळी ते शिंकून शिंकून बेजार झाले होते. नानांनी कारण सांगितलं होतं. वावळाच्या फुलाला ना रंग ना मध, मग कीटक फुकट कशाला येतील? म्हणून त्याचं टपाल वारा नेतो. ऊन तापलं की परागकोश (पराग साठवणाऱ्या पिशव्या) वाळून तडकतात, वारा सुटला की पराग लांब जातात. दमट हवेत ते जड होऊन फार दूर जात नाहीत, आणि पावसाची झड लागली तर धुऊनच निघतात. स्पृहाने यातून एवढंच घेतलं की पाऊस आपल्या बाजूचा आहे.

दुपारी पश्चिमेला काळंभोर आभाळ आलं. गडगडलं. गार वारा जमिनीलगत सरपटत आला, चार थेंब पडले आणि शिंकरे गप्प झाले. गावभर खिडक्या उघडल्या. गुरुजींनी वर्ग सोडला.

मैदानात धावता धावता शंतू थांबला. गुडघ्यांवर हात टेकून वाकला. शिट्टी ऐकू येऊ लागली, मग ती बारीक होत गेली. शिट्टी वाढली की स्पृहा घाबरायची. ती अशी विझत गेल्यावर काय करायचं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

"परागकण शून्य," शिंकरे म्हणाले. "हवा उत्तम. खेळावे."

शंतूचे ओठ निळसर दिसत होते. स्पृहाने त्याला ओढत वर्गात नेलं, ताठ बसवलं, पंप दिला. गुरुजींनी उडत्या रुग्णवाहिकेला बोलावलं. वादळ असल्याने ती रस्त्यावरून येणार होती, म्हणजे उशिरा. तोवर नाना धापा टाकत पोचले.

"नाना, शिंकरे गप्प आहेत, मग हा का गुदमरतोय?"

नानांनी वर्गाच्या दारात आलेल्या शिंकऱ्यांच्या छातीतली, कण टिपणारी चिकट काच काढून भिंगाखाली धरली. सबंध कण एकही नव्हता. नुसता चुरा होता.

"फुटलेत गं," नाना हळूच म्हणाले. सबंध कण मोठा, तो नाकातच अडकतो. पण वादळाच्या ओलाव्यात काही कण पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. एकाचे शेकडो तुकडे. ढगातून खाली आदळलेला गार वारा ते तुकडे जमिनीलगत ढकलत नेतो, आणि ते इतके बारीक की थेट छातीच्या तळाशी जातात. झड सगळं धुते, पण धुण्याआधी वादळ फोडतं.

स्पृहाचं डोकं शंतूच्या पाठीवरून हात फिरवतानाच चाललं. "म्हणजे शिंकरे फुटके मोजतच नाहीत?"

"फुटका लाडू मोजत नाहीत," शिंकरे दारातून म्हणाले. "आत्याबाईंच्या लग्नात मला तसेच सांगण्यात आले होते."

नानांनी काच परत त्यांच्या छातीत बसवली. "आज मोजा."

शिंकऱ्यांनी मोजले. मग ते असे शिंकले की शाळेची घंटा आपोआप वाजली, गुरुजींची टोपी पटांगणापलीकडे गेली आणि गावातली प्रत्येक खिडकी धाडधाड मिटली. वर्गातल्या खिडक्या स्पृहाने लावल्या आणि ती शंतूच्या पाठीला पाठ लावून बसली, म्हणजे त्याचा श्वास तिला कळावा.

बराच वेळ काहीच कळलं नाही.

मग बाहेर झड लागली. तिच्या पाठीला आधी थोडी, मग जरा जास्त हालचाल जाणवली. शिट्टी परत आली. इतकी गोड शिट्टी तिने कधी ऐकली नव्हती. रुग्णवाहिका आली तेव्हा शंतू विचारत होता, शिंकऱ्यांना पंप का देत नाही कोणी.

आता शिंकरे फुटके कणही मोजतात. वावळ फुलोऱ्यात असताना आभाळ काळवंडलं, तर वारा सुटायच्या आतच शिंकतात. आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर त्यांच्या सहीचा एक कागद लागला आहे:

"प्रति, मा. वादळ, पश्चिम दिशा. विषय: आगमनाची पूर्वसूचना देणेबाबत. उपरोक्त विषयी विनंती की, वावळ फुलोऱ्यात असताना येणे झाल्यास अगोदर लेखी कळवावे, आणि कु. शंतनू मैदानावर असल्यास तो घरी पोहोचेपर्यंत वेशीबाहेर थांबावे. पोच मिळावी."