उरलेलं अर्धं मिनिट

धाकटीचे खिसे कोणी उलटे केले असते, तर तिच्या नोकरीची अठरा वर्षं टेबलावर सांडली असती. उजव्या खिशात बोथट टोकाची कात्री, एप्रनला दोरीने बांधलेली, कारण वॉर्डात कात्री एकदा खाली ठेवली की ती गेलीच म्हणून समजायचं. डाव्या खिशात छोटी वही आणि दोन पेनं. एक आपलं, एक डॉक्टरांनी पळवायला. पेनाच्या पोटाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली, लागेल तेवढी फाडायची, एप्रनवर लावायची आणि राऊंड घेता घेता आकडे तिच्यावरच लिहायचे. हातावर लिहिलेलं पहिल्यांदा हात धुतले की जातं. बूट अर्ध्या नंबराने मोठे, कारण दुपारपर्यंत पाय सुजतात. लॉकरमध्ये मोज्यांचा एक जादा जोड, कारण उलटी करणारा माणूस समोर कोणाचे पाय आहेत ते बघत बसत नाही.

हे सगळं तिला मोठ्या सिस्टरांनी शिकवलं होतं. त्या मोठ्या, म्हणून ही धाकटी. नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ही बाई अडतीस वर्षांची झाली, तरी डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांच्या तोंडी धाकटीच.

मोठ्या सिस्टरांचं सगळं तिने ऐकलं. एक सोडून. नाडी पूर्ण मिनिटभर मोजायची, हा त्यांचा हट्ट होता. आता खरं सांगायचं तर अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणं ही काही लबाडी नाही, सगळेच करतात. चोवीस खाटा, चोवीस मनगटं. बारा मिनिटांत होणाऱ्या कामाला चोवीस मिनिटं कोण घालवणार? मोठ्या सिस्टर घालवायच्या. दर राऊंडला, ओठ हलवत. मागे सगळे हसायचे, धाकटीसुद्धा.

महिन्यापूर्वी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी आपलं घड्याळ धाकटीच्या छातीवर लावलं. नर्सेसचं असतं तसं, टाचणीला उलटं लटकणारं, आपल्याला खाली मान घालून सुलट दिसेल असं. "पूर्ण मिनिट मोज हं," त्या म्हणाल्या. "आता तूच आहेस." धाकटी हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशीही अर्धंच मिनिट मोजत राहिली.

त्या महिन्यात वॉर्डातली तीन माणसं गेली. शेवटचे अकरा नंबरचे आजोबा. सकाळी दहाला धाकटीने त्यांची नाडी मोजली, चाळीस, म्हणजे ऐंशी, एकदम व्यवस्थित. आजोबा भांग पाडत होते. पुढच्या खाटेवरून तिने मागे वळून पाहिलं तेव्हा कंगवा गादीवर पडला होता. जे करायचं ते सगळं तिने केलं, छाती दाबली, डॉक्टरांना बोलावलं, नंतर पडदा ओढला. मग हात धुतले आणि चहा प्यायली. काळजात चर्र वगैरे व्हायला हवं होतं. झालं नाही.

तसं हल्ली तिला काहीच होत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी तिची आई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली होती, त्या दिवसापासूनच म्हणा ना. चहा गरम लागत नव्हता. नवे बूट चावले नाहीत म्हणून ती खूश होती, तर घरी मोजे काढल्यावर टाच सोलून निघालेली. मोज्यावर रक्ताचा ठिपकाही नव्हता. दमलेय मी, असं तिने स्वतःला सांगितलं आणि टाचेला पट्टी लावली.

सोमवारी आई पुन्हा पडली, तेव्हा तिला इथेच भरती केलं. खाट चौदा. हृदयाचे ठोके मधूनच अडखळतात, चार दिवस लक्ष ठेवू, असं डॉक्टर म्हणाले. घरी दोघीच. आईशिवाय धाकटीला कोणी नव्हतं, आणि हे तिला अगदी स्पष्ट माहीत होतं, जसा आपल्या घराचा पत्ता माहीत असतो तसं.

मंगळवारी सकाळच्या राऊंडला सात नंबरचा बस कंडक्टर बोलत सुटला. "सिस्टर, हात केवढा गार तुमचा. बर्फाच्या कारखान्यातून येता की काय ड्युटीला?" मग त्याने एका प्रवाशाची गोष्ट सुरू केली. अर्धं मिनिट संपलं, अडतीस झाले, पण गोष्ट संपेना. माणसाला मधेच तोडायचं कसं, म्हणून धाकटीने बोटं मनगटावर तशीच राहू दिली.

बोटांखाली काही नव्हतं.

बोट सरकलं असेल, म्हणून तिने जागा बदलली. काही नाही. कंडक्टर बोलत होता, हसत होता, मनगट ऊबदार होतं. घड्याळाचा सेकंदकाटा तिसावरून निघून वर चढत होता. तो बारावर आला आणि नाडी पुन्हा सुरू झाली, जणू काही झालंच नाही अशी.

आठ नंबरला तेच. नऊ नंबरच्या शाळामास्तरांनी पेपरचं पान उलटलं, घसा खाकरला, आणि त्या सगळ्या वेळात त्यांची नाडी बंद होती. धाकटीने बोटाला लावायचं यंत्र आणलं. त्याच्यावर शहात्तर हा आकडा हलला नाही, पण शेजारची हिरवी रेघ, जी ठोक्याबरोबर वरखाली होते, ती खाली बसली ती अर्धं मिनिट उठलीच नाही.

"मावशी, हात द्या जरा," ती म्हणाली.

"का ग बाई, भविष्य बघतेस?" मावशींनी फडकं खांद्यावर टाकलं आणि हात पुढे केला. पस्तीस ठोके. मग अर्धं मिनिट काहीच नाही. मावशी तेवढ्यात खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, आज धूळ फार आहे.

धाकटी घाबरली नाही. घाबरायला पाहिजे हे तिला कळत होतं. जेवणाच्या सुट्टीत तिने मोठ्या सिस्टरांना फोन लावला.

काय झालं ते तिने सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून मोजायला लागलीस?"

"आजच."

"आणि इतके दिवस?"

"अर्धंच."

"बरं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "अर्धं मिनिट झालं की थांबायचं नाही. अडतीसवर गेली असेल तर मनात एकोणचाळीस म्हणायचं. मग चाळीस. आपण म्हटलं की येते."

"आणि नाही म्हटलं तर?"

"बहुतेकांना काही होत नाही. आपोआप सुरू होते. पण एखाद्याची होत नाही. कोणाची, कुठल्या मिनिटाला, ते मला अडतीस वर्षांत कळलं नाही. म्हणून सगळ्यांचीच मोजायची."

"पण असं का होतं?"

"मला काय माहीत ग? मला ज्यांनी शिकवलं त्यांनाही माहीत नव्हतं." मग त्या म्हणाल्या, "आई कशी आहे तुझी?"

आई भरती झाल्याचं धाकटीने त्यांना सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून ती पूर्ण मिनिट मोजू लागली. एकोणचाळीस म्हटलं की एकोणचाळिसावा ठोका यायचा. थोडा उशिरा, अनिच्छेने, पण यायचा. चोवीस मनगटं, चोवीस मिनिटं, दर तासाला. बरोबरच्या सिस्टर वैतागल्या. "मोठ्या गेल्या आणि ही त्यांची सावली मागे राहिली," एक जण म्हणाली. मेट्रनबाईंनी बोलावून विचारलं, सलाइन बदलायला उशीर का होतो. धाकटीने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि परत येऊन पुन्हा मोजायला लागली. चार दिवस वॉर्डात कोणी गेलं नाही.

आईचं ती सगळ्यात शेवटी मोजायची. घाई नको म्हणून. आईचे अर्ध्या मिनिटात छत्तीस व्हायचे. सदतिसावा यायला हल्ली फार वेळ लागायचा. त्या मधल्या वेळात धाकटीला आपल्या हातापायांचं काही कळत नसे.

दुपारी दोन वाजता ड्युटी संपली की तिची खरी पंचाईत व्हायची. दुपारच्या सिस्टर मनगट धरायच्या, तिसाला सोडायच्या. म्हणून धाकटी युनिफॉर्म न बदलताच आईजवळ स्टूल ओढून बसायची. डॉक्टर म्हणाले, शनिवारी घरी सोडू. धाकटीने हिशोब केला, घरी ती रात्री जागेल, पण ड्युटीच्या सात तासांचं काय? रजा किती शिल्लक आहे ते तिने विचारून ठेवलं. आई गेली तर आपल्याला रडू येईल का, असाही विचार तिच्या मनात आला. तो तिला आवडला नाही.

शनिवारी दुपारी निघायचे कागद तयार होत होते. वॉर्डात ऊन आडवं आलं होतं, फरशीला फिनेलचा वास होता. आईचं सामान पिशवीत भरून झालं होतं. धाकटीने तिचा हात हातात घेतला आणि छातीवरच्या घड्याळाकडे मान खाली घातली.

चौतीस, पस्तीस, छत्तीस. काटा तिसावर आला. सदतीस, ती मनात म्हणाली, आणि वाट बघितली. बऱ्याच वेळाने तो आला.

आईचे ओठ हलत होते.

"काय पुटपुटतेस ग?"

"काही नाही. तुझंच आपलं."

"माझं काय?"

"तू तान्ही होतीस तेव्हाची सवय," आई म्हणाली. "दूध ओढायची नाहीस, निळी पडायचीस. दवाखान्यात एक कोवळी पोर होती नर्स, छातीवर उलटं घड्याळ लावलेली. ती म्हणाली, बाई, हिचा हात धरा आणि आकडे म्हणत राहा. लांब असली तरी चालेल, पण म्हणत राहा. तेव्हापासून म्हणते."

धाकटीने खाली पाहिलं. आपण आईचं मनगट धरलंय, तसं आईच्या अंगठ्याने आपलं धरलेलं तिला आत्ता दिसलं. इतके दिवस तिला त्याचा स्पर्श कळला नव्हता.

"रोज?"

"रोजच. स्वयंपाक करताना, तू ड्युटीवर असताना. त्याला काय लागतं?" आईचे डोळे जड झाले होते. "त्या दिवशी चक्कर आली तेवढं राहून गेलं बघ. आणि आता या गोळ्यांनी झोप येते. मधेच राहतं माझं. रागावू नकोस हं."

"नाही रागावत."

"तुझं शेवटचं कधी म्हटलं तेच आठवत नाहीये मला."

आईचा डोळा लागला. ओठ थांबले. अंगठा सैल पडला.

मग तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनगटावर तीन बोटं ठेवली, शिकवल्याप्रमाणे, अंगठ्याच्या रेषेत. काटा बारावर यायची वाट पाहिली. सुरुवात तरी कुठून करायची, म्हणून एक म्हटलं. पुन्हा एक म्हटलं. काटा तिसावर आला, तिसावरून निघाला, पूर्ण फेरी मारून बारावर आला.

एप्रनवरच्या चिकटपट्टीवर चोवीस आकडे होते. त्यांच्याखाली तिने पंचविसावा लिहिला, शून्य. दुप्पट करायची गरज नव्हती.

मग तिने आईचा हात पुन्हा हातात घेतला. अर्धं मिनिट होऊन गेलं होतं. अडतीस, ती म्हणाली, आणि वाट बघत बसली.