विरजणाची परीक्षा

सोमगावच्या संगणक प्रयोगशाळेत मृण्मयीने दोन यंत्रं शेजारीशेजारी सुरू केली, आणि मग तिला कळेना की देवाकडे नेमकं मागावं तरी काय.

चंद्रावरच्या या वसाहतीची हवा एक सिस्टीम सांभाळत असे. तिची सुधारलेली मूळसंहिता, म्हणजे माणसांनी लिहिलेला, माणसांना वाचता येणारा मजकूर, दरवर्षी नव्याने यंत्रभाषेत उतरवायचा आणि सगळी सिस्टीम पायापासून पुन्हा बांधायची, असा नियम होता. मजकूर यंत्रभाषेत उतरवणारा प्रोग्रॅम म्हणजे संकलक. तो मृण्मयीचा नवरा शार्दूल सांभाळायचा.

शार्दूल फुफ्फुसाच्या दुखण्याने गेला. जाण्याआधी त्याने लहानग्या रेणूला जवळ घेऊन सांगितलं होतं, "बाबा कुठं जात नाही गं. हवेच्या यंत्रात जाऊन बसणार आहे. तिथून तुला श्वास देईन." नर्सने ते ऐकलं आणि कौतुकाने चारचौघांत सांगितलं. पण ते कानावर येताच वसाहतीचं प्रशासक मंडळ हादरलं. या माणसाने संकलकात खरंच काही लपवून ठेवलं असेल तर?

तपासणीसाठी पलीकडच्या तळावरून इंदुमती बोरवणकर आल्या. शार्दूलला हे काम त्यांनीच शिकवलेलं.

"पण हवेच्या सिस्टीमची काय, संकलकाचीही मूळसंहिता आम्ही सगळ्यांनी वाचलीय, इंदूताई. तिच्यात काही नाही."

"तू घरी दही लावतेस ना?"

"रेणूसाठी. पावडरच्या दुधाचं."

"दूध चांगलं असूनही दह्याला वास आला, तर तो कुठून आला म्हणशील?"

"विरजणातून."

"मग झालं तर. मूळसंहिता म्हणजे दूध. पण नवा संकलक बांधायला कालचा संकलक लागतोच. त्या कालच्यात कुणी खोडी घालून ठेवली, तर ती आपोआप नव्यात उतरते, त्याच्या पुढच्यातही उतरते. मजकूर कितीही वाचा, सापडायची नाही. म्हणून मी परक्या घरचं विरजण आणलंय, शार्दूलचा हात न लागलेला आमच्या तळावरचा संकलक. दूध एकच, विरजणं दोन."

"आणि फरक निघाला तर?"

"तर शार्दूल गुन्हेगार. सगळ्या गावाच्या श्वासाशी खेळला म्हणतील."

"नाही निघाला तर?"

"तर निर्दोष. यात विचारायचं काय?"

मृण्मयीने दोन्ही संकलक कामाला लावले. निर्दोष म्हणजे रेणू रोज निजताना हवेच्या जाळीशी ज्याच्याशी बोलते, तो तिथं नाही. माणूस प्रोग्रॅममध्ये मावत नाही, हे तिला कळत होतं. पण एखादी खोडी? मुलांच्या खोलीत हवा किंचित जास्त सोडणारी, त्याच्या हातची एखादी चोरटी ओळ? तेवढंसुद्धा तिला पुरलं असतं. आणि त्या तेवढ्यापायीच त्याच्या नावाला काळं लागलं असतं.

दोन्ही संकलकांनी संकलकाच्या त्याच मूळसंहितेपासून एकेक नवा संकलक बांधला. पडद्यावर दोघांचे ठसे उमटले. ठसा म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमची मिळून अक्षरांत निघणारी एक खूण. आत काहीही वेगळं असलं तर तीही वेगळी.

"वेगळे आहेत!" मृण्मयी जवळजवळ ओरडलीच.

इंदूताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हसतेस काय, वेडे? ही पहिली फेरी. दोन गवंडी एकाच नकाशावर घर बांधतील, तरी विटा सारख्या रचतील का? पण हे दोन नवे संकलक एकाच मजकुराची आज्ञा पाळतात. त्यांना तेच काम पुन्हा दे. दोघेही प्रामाणिक असतील, तर आता जे निघेल ते तंतोतंत एक निघेल."

मृण्मयीने दुसरी फेरी लावली. तिचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं.

ठसे आले. तंतोतंत एक.

प्रशासकांचा फोन लगेच आला. "अभिनंदन, वहिनी! शार्दूलरावांवरचा डाग धुऊन निघाला. आत त्यांचं कुठंही, काहीही नाही."

"हो," मृण्मयी म्हणाली. "कुठंच नाही."

तिने फोन ठेवला. इंदूताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "लबाडी करायची अक्कल होती गं त्याला, वृत्ती नव्हती. मेला लेकीला गोष्ट..." त्यांनी जीभ चावली.

"असू दे ताई. तो असता तर हसला असता."

आता शेवटची बांधणी उरली होती. मृण्मयीने हवेच्या सिस्टीमची मूळसंहिता एकदा बांधली, ठसा उतरवून घेतला. मग मजकूर पुन्हा उघडला आणि अगदी तळाशी जाऊन टाईप करू लागली.

"टीप लिहितेस?" इंदूताईंनी विचारलं. "टिपा माणसांसाठी असतात, बाई. संकलक त्या वाचत नाही. गाळून टाकतो."

"माहीत आहे."

तिने लिहिलं: 'हे शार्दूलने सांभाळलं. त्याची मुलगी रेणू हीच हवा घेते.'

मग तिने सगळी सिस्टीम पुन्हा बांधायला लावली. इंदूताई थांबून राहिल्या. बांधणी संपली, नवा ठसा आला. मृण्मयीने तो आधीच्या ठशाशेजारी ठेवला आणि बोट फिरवत एकेक अक्षर ताडून पाहिलं.

काहीच बदललं नव्हतं.