बारीक कडी

लझर पाव आणि दूध आणायला टेकडी उतरला होता, तिथूनच सुरू करतो. अनीस, मध्ये बोलायचं नाही. ऐकीव गोष्ट नाही ही. लझर म्हणजे माझा दुकानातला भागीदार, खुद्द त्याच्यावर गुदरलेली.

गेल्या ऑगस्टची चौदा तारीख, गुरुवारची रात्र. तो आणि त्याची लहानगी अरवा सुट्टीला गेले होते, समुद्रावरच्या एका टेकडीवर. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं की उद्याच निघाल तुम्ही. बायको सौसन सकाळी ट्यूनिसहून यायची होती. घर भाड्याचं. मधे चौक, बाहेर पडायला एकच दार. दार वाजवायला आपल्यासारख्याच दोन कड्या, जाड पुरुषांनी वाजवायची, बारीक बायकांनी.

लझर पाव-दूध घेऊन वर आला, बापलेक जेवले, खोलीत आडवे झाले. अकराच्या सुमाराला बारीक कडी वाजली.

"बाबा, कुणीतरी बाई आलीय."

"शेजारीण असेल. तूच जा गं राणी. बायकांच्या कडीला मी गेलो तर बरं दिसेल का?"

हसू नका रे. तुम्हीही हेच केलं असतं.

पोर गेली. अडसर सरकला. मग बांगड्या वाजल्या... एकीच्या नाहीत.

"कोण आहे गं?"

"बाबा, खूप जणी आल्यात."

लझर ताडकन उठला. खोलीचं दार उघडेना. बाहेरून लावायला त्याला कडीसुद्धा नव्हती. धडका मारल्या. खांदा सोलवटला. दार हललं नाही.

चौकात कुजबुज. हसणं.

"अरवा! इकडे ये!"

"येते... पण हात सोडत नाहीत."

त्यानंतर ती बोललीच नाही.

खिडकीला गज. फोन लागेना. घसा फुटेस्तोवर ओरडला, शेजारचा एकही दिवा लागला नाही. मला म्हणाला, "तय्यिब, रात्रभर दाराला कान लावून होतो. पोरीचा श्वास तेवढा ऐकू यावा म्हणून..."

पहाटेची अजान झाली. दार आपसूक उघडलं.

चौक रिकामा. बाहेरच्या दाराला आतून अडसर. अरवा पायरीवर गाढ झोपलेली. त्यानं तिला पोटाशी धरलं आणि ढसाढसा रडला बिचारा.

मग तिचे हात दिसले. दोन्ही तळव्यांवर मेंदी. नवरीला काढतात तशी.

सौसननं आल्याआल्या धुतली. घासली. पुन्हा धुतली...

काल अरवा दुकानात आली होती. खाऊसाठी तळवा पुढे केला. मी हळूच बोट लावून पाहिलं.

मेंदी अजून ओली आहे.