तिसऱ्या हाकेला ओ

दुधाच्या कासंडीचं झाकण खणकन पडलं आणि घरातली शांतता मोडली. मथुरा जागच्या जागी थांबली. आत सासूबाईंनी कूस बदलली. मग पुन्हा सगळं गप्प. तिनं फडक्यात भाकऱ्या बांधल्या, सहा वर्षांच्या तुळसाचं बोट धरलं आणि उजाडताच निघाली.

मथुरा गावच्या शाळेत शिकवायची. माडगरुडाची, म्हणजे धनेश पक्ष्याची, मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला फटीतून फळं भरवतो, हे पोरांना पटत नव्हतं. ते दाखवायला आजची देवराईची मोहीम! शाळेतली हौसा आणि जमाल वेशीवर थांबलेच होते.

"बाई, रायीत तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची हां," हौसानं बजावलं. "चकवा दोनदाच हाक मारतो."

"तुझ्यापुढं तो बोलेल कधी?" जमाल म्हणाला.

मथुरा हसली. "हरवलात तर झाडाला मिठी मारून उभं राहायचं. आणि माझ्या पहिल्या हाकेला ओ द्यायची."

तुळसा हौसाकडं बघत राहिली. आजीनंही तिला तिसऱ्या हाकेचंच सांगितलं होतं.

जांभ्या दगडाचा माळासारखा सडा ओलांडून ते देवराईत शिरले तेव्हा खाडीवरचं धुकं मागून चढून आलं. झाडांचे बुंधे एकेक करून विरघळले. पाखरं मुकी झाली. आडव्या पडलेल्या खोडावरून हौसाला ओढून घ्यायला मथुरानं तुळसाचं बोट सोडलं. वळली. तुळसा नव्हती!

"तुळसे!"

धुक्यानं हाक गिळली.

"तुळसे, ओ दे गो!"

काही नाही. ती धावायला निघाली, तशी हौसानं तिचा पदर घट्ट धरला.

"बाई, हलू नका. अजून एकदा मारा."

मथुरानं सगळा जीव गळ्यात आणला. "तुळसे!"

"ओ," अगदी डावीकडून, शांतपणे.

तिघं हात धरून, पायानं जमीन चाचपत गेली. तुळसा किंजळाच्या झाडाला बिलगून उभी होती. झाडापलीकडं जमीनच नव्हती. कडा!

डोक्यावरून प्रचंड पंख घोंघावत गेले. "बाई, माडगरुड!" जमाल कुजबुजला. मथुरानं वर पाहिलं नाही. "पुढल्या खेपेस," ती म्हणाली आणि लेकीला कडेवर घेऊन माघारी वळली.

सड्यावर ऊन लागलं तशी तुळसा बोलती झाली. "आधी दोनदा बोलावलंस, तेव्हा मी नाही आले. मग पुन्हा तीनदा बोलावलंस, तेव्हा ओ दिली."

मथुराची पावलं थबकली.

"आई, आधी तू कड्याखाली कशाला उतरली होतीस?"