दिवेवाल्याची चूक

"अहो, उठता का? तुमच्यावर उजेड पाडायचाय."

धाकटी दचकून उठली. विंगेतल्या नाटकाच्या सोफ्यावर तिचा डोळा कधी लागला, देव जाणे! समोर थिएटरचा दिवेवाला उभा... हातात वायरचं भेंडोळं, ओठांत हसू.

"झोपले नव्हते मी."

"छे छे! घोरण्याचा रियाज चालला होता."

अगं बाई! तिच्याशी असं कोणी बोलतच नसे. आजोबा, बाबा, थोरला भाऊ, सगळे व्हायोलिनवाले. हिच्या हाती तर बोबडं बोलायच्या वयातच गज दिलेला. दौऱ्यांमागून दौरे करून तिचा खांदा भरून आला होता. पण बाबांपुढे "दमले" म्हणायची कोणाची बिशाद?

त्या संध्याकाळी 'वन्स मोअर' आला. मग दुसरा. बाबा कधी नाही म्हणत नसत. त्यांनी तिसऱ्यांदा गज उचलला, आणि भक्‌कन सभागृहातले सगळे दिवे लागले. संपलं वाटून लोक छत्र्या-पिशव्या गोळा करू लागले. बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

धाकटी जिना चढून दिव्यांच्या केबिनमध्ये गेली. "चूक झाली म्हणे?"

"बोट घसरलं..."

"बरं नेमकं घसरलं!"

"मला सुरातलं ओ की ठो कळत नाही," तो हळूच म्हणाला. "पण इथून चेहरे दिसतात. तुम्ही फार थकलाय... बसा ना. मी बोलणार नाही."

ती बसली. खरंच कोणी काही बोललं नाही. किती बरं वाटलं तिला!

या थिएटरात त्यांचे आठवडाभर कार्यक्रम होते. मग रोज कार्यक्रमानंतर ती जिना चढू लागली, आणि त्याचं बोट रोज घसरू लागलं. शेवटी मॅनेजरने दम भरला, "आणखी एक चूक, की घरी बसायचं."

शेवटची संध्याकाळ. टाळ्या थांबेनात. बाबांनी गज उचलला. धाकटीने वर पाहिलं. वेड्याचा हात बटणाकडे निघालाच होता! तिने मान हलवली – नको. व्हायोलिन खाली घेतलं.

"बाबा... मी दमलेय."

बाबांचा गज हवेतच राहिला. ते मटकन खुर्चीत बसले.

"मीसुद्धा गं," ते म्हणाले. "सांगायचं नाही होय?"

त्यांनीच वर हात करून खूण केली. दिवे लागले.

ती जिना चढून केबिनमध्ये पोचली.

"उद्या निघणार?" त्याने विचारलं.

"ते निघतील. मी इथेच राहून महिनाभर झोपणार आहे."

"सोफा नाटकवाले परवा नेणार हो..."

"मग दुसरी सोय बघायला हवी," म्हणत तिने दुखरा खांदा त्याच्या खांद्याला टेकवला.

तो वायरीशी चाळा करत राहिला. मग एकदम बोलून गेला, "मला तुम्ही फार आवडता."

तिने डोळे मिटले. या वेळी सुखाने.

"वन्स मोअर," ती म्हणाली.