निमियाचा निरोप

सातुर्निना पहाटेच्या बसने राजधानीत, असुन्सिओनला आली ती काखेत जिवंत कोंबडी घेऊन. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायचं नाही, ही तिच्या गावची रीत होती. कोंबडी तिने खुशाल सिरिलोच्या मांडीवर ठेवली आणि पेर्लाबाईंसमोर बसली.

सिरिलो पोलिसातून निवृत्त झालेला, अंगाने आडवा, स्वभावाने भोळा. खाजगी तपास करणाऱ्या पेर्ला ओवेलार यांच्या प्रत्येक कामात तो सावलीसारखा मागे असे. सावलीइतकाच उपयोगी, असं त्या त्याच्या तोंडावर म्हणत.

"बाई, माझी निमिया पंधरा वर्षांची आहे," सातुर्निना म्हणाली. "तिला बाप्तिस्म्याच्या धर्मआईकडे ठेवली होती, एलोदियाकडे. घरकामात हातभार लावायचा अन् शाळा शिकायची. आता म्हणतात, रविवारी पोराबरोबर पळाली. ठाण्यात गेले तर साहेब हसला. म्हणाला, पोट घेऊन येईल परत, घरी जा."

"तुम्हाला पटतं?"

"पटलं असतं तर कोंबडी घेऊन आले असते का?"

तिने फोन पुढे केला. काल, मंगळवारी, अनोळखी नंबरावरून निमियाच्या आवाजातला निरोप आला होता. "आई, मी आर्जेंटिनात पोचले. तो मला चांगला वागवतो. मला शोधू नकोस. आशीर्वाद दे."

शेवटचे शब्द येताच सातुर्निनाचा हात आपसूक वर गेला. "देव तुला राखो गं, लेकी!" तिच्या आवाजाखाली फोन जरासा पुटपुटला आणि निरोप संपला. पेर्लाबाईंनी तो पुन्हा लावला. पुन्हा तोच हात, तोच आशीर्वाद. फोनला आशीर्वाद देणारी आई पाहून सिरिलोला गलबलून आलं.

पेर्लाबाईंनी निरोप स्वतःच्या फोनवर घेतला. "तिचं ओळखपत्र कुणाकडे असतं?"

"एलोदियाकडे. सांभाळून ठेवते म्हणाली."

"निमिया तुमच्याशी एकटी कधी बोलायची?"

"नाही. फोन एलोदियाचा. ती शेजारीच असायची."

"आणि शाळा?"

सातुर्निनाने मान खाली घातली. "बंद केली. पोरीला झेपत नाही, म्हणाली."

"सिरिलोराव, कोंबडी खाली ठेवा," पेर्लाबाई म्हणाल्या. "उठा."

एलोदियाबाईंच्या फाटकाला भरदिवसा कुलूप होतं. ते उघडून त्यांनी दोघांना ओसरीवर बसवलं. बाईंनी नखं नुकतीच लाल रंगवली होती, म्हणून बोटं फाकवून त्या फुंकर मारत होत्या. त्यांचा भाऊ विल्फ्रिदो शिंगाच्या पेल्यात तेरेरे, पाल्याचं थंड पेय, ओतत होता, तेही डाव्या हाताने. उजव्याला बँडेज होतं.

"व्हॅनच्या दारात सापडला," तो म्हणाला. "बुटाची नाडीसुद्धा बांधता येत नाही. चालवायला मात्र माणूस ठेवलाय. उद्या पहाटे सीमेवर माल न्यायचाय. म्हणाल तर तिकडे पोरीची चौकशी करतो."

मागून उखळात तेरेरेचा पाला कुटल्याची ठकठक ऐकू येत होती. सकाळच्या वेळी असुन्सिओनमध्ये ज्या घरातून हा आवाज येत नाही, ते घर बंदच समजावं. थोड्या वेळाने विल्फ्रिदो आत गेला आणि नवी सुरई घेऊन आला. वर हिरवागार पाला तरंगत होता. सिरिलो पेल्यावर पेले रिचवू लागला.

"रविवारी मी चर्चला गेले, परत येते तो पाखरू उडालेलं!" एलोदियाबाईंनी मनगटाने डोळे पुसले. "तेव्हापासून ना तोंड पाहिलं, ना आवाज ऐकला. पोटच्या पोरीसारखी वाढवली, तिचं हे फळ! आता घरात मी आणि हा, दोघंच. काडीचं काम करायला कुणी नाही."

तेवढ्यात डोक्यावर टोपली घेतलेला, चिपा नावाचे पाव विकणारा देर्लिस फाटकाशी आला. निम्मी आळी एलोदियाबाईंची धर्मलेकरं होती. त्यानेही हात जोडले. "आशीर्वाद, धर्मआई!"

"हाच तो!" बाई कडाडल्या. "ह्याच्याशीच ती फाटकात कुजबुजायची... देव तुला शहाणपण देवो, बाळा... ह्यानेच तिचं डोकं फिरवलं!"

सिरिलोने बाहेर जाऊन देर्लिसची कॉलर धरली.

"साहेब, मी पळवली असती तर इथं पाव विकत फिरलो असतो का?" देर्लिस रडकुंडीला आला. "ती एकच विचारायची. आमच्या गावची बस कुठून सुटते?"

"मग सांगितलंस का?"

"सांगितलं ना. पण फाटकाला कुलूप असतं."

"पोरगा बनेल आहे," सिरिलो परत येऊन म्हणाला.

"तुम्ही तेरेरे किती प्यालात?"

"मोजलं नाही, बाई. पाला ताजा होता, छान लागला."

"पोटात गेलं, डोक्यात गेलं नाही." कोपऱ्यावर वळताच पेर्लाबाईंनी निरोप कानाला लावून एकटीनेच ऐकला. मग मानवी तस्करीचे खटले पाहणाऱ्या सरकारी वकिलांना फोन केला. "सगळं पुराव्यानिशी नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "पण संशय पक्का आहे, आणि कळवायला संशय पुरतो. पुरावा गोळा करत बसले तर उद्या पहाटे गाडी सुटेल."

दुपारी त्याच ओसरीवर सरकारी वकीलबाई, चार पोलीस आणि सातुर्निना जमले. एलोदियाबाईंनी बदनामी झाल्याचा कांगावा केला. पेर्लाबाईंनी त्यांना बोलू दिलं आणि मग फोन टेबलावर ठेवला.

"सातुर्निना, आता तोंडातून एक शब्द काढायचा नाही. काही झालं तरी."

तिने शालीचं टोक दातांत धरलं. निरोप सुरू झाला. आर्जेंटिना, तो चांगला वागवतो, शोधू नकोस. "आशीर्वाद दे." आणि यावेळी, आईचा आवाज मध्ये नसताना, फोनमधून दुसरीच बाई पुटपुटली. "देव तुला शहाणपण देवो, बाळा."



"आई दर वेळी आशीर्वाद द्यायची आणि हा आवाज त्याखाली झाकला जायचा," पेर्लाबाई म्हणाल्या. "धर्मलेकराने मागितलं की आपलं तोंड आपोआप उघडतं. सकाळी देर्लिसला शिव्या देतानाही बाईंचं उघडलं, याच शब्दांत. दिल्याचं ध्यानातही राहत नाही. रविवारपासून पोरीचा आवाज ऐकला नाही, म्हणता? मग मंगळवारी तिच्याजवळ बसून हा निरोप कुणी पढवला?"

"म्हणजे बाईसुद्धा आर्जेंटिनात होत्या?" सिरिलोने विचारलं.

"नाही हो. निमिया तिथं गेलीच नाही. ओळखपत्र दुसऱ्याच्या हातात, फोन दुसऱ्याच्या कानासमोर, शाळा बंद, फाटकाला कुलूप. ही पोर इथं शिकायला नव्हती, कैदेत होती. आता सांगा, सकाळी तुम्ही प्यालात तो पाला कुणी कुटला? बाईंची नखं ओली, भावाला नाडी बांधता येत नाही. आणि घरात म्हणे तिसरं माणूस नाही. लपवून ठेवलेल्या पोरीलाही यांनी कामाला जुंपलं. पाहुणे आले की पाला कुटायचा, ही सवय इतकी अंगात मुरलेली, की तो आवाज बाहेर जातो हे सुचलंच नाही."

विल्फ्रिदो उठला, पण पोलिसांनी त्याला खाली बसवलं. मागच्या खोपटाचं कुलूप तोडलं. निमिया बाहेर आली, वाळलेली, उन्हाने डोळे मिचकावत. सातुर्निना तिला धरून ओक्साबोक्शी रडली. सिरिलोही रडला आणि त्याने ते लपवलं नाही. सीमेपलीकडे तिला कशासाठी नेणार होते, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

"आई, थांब," निमिया म्हणाली. "आत निन्फा आहे."

पोत्यांच्या मागे एक मुलगी उभी होती, निमियाहून बरीच लहान. बाहेर कुणी तिचं नाव घेतलं नव्हतं, म्हणून ती आली नव्हती. वकीलबाईंनी फोनवर दोन-तीन ठिकाणी विचारलं. निन्फा नावाची मुलगी हरवल्याची तक्रार कुठेच नव्हती.

पेर्लाबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "बाळ, तुझी आई तुला शोधत नाही का?"

निन्फाने निमियाकडे पाहिलं. निमिया म्हणाली, "हिच्याकडूनही निरोप वदवून घेतला. दुसरीकडे चांगलं काम मिळालंय, मी सुखात आहे, असा."

"मग आईने काय केलं?"

"उत्तर पाठवलं," निन्फा म्हणाली. "बरं म्हणाली."