विसावं घर

दुरुस्तीवाला त्या दिवशी भांडायलाच गेला होता.

चॅनेलच्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला, 'प्रेक्षक प्रतिक्रिया' अशी पाटी लावलेली एक खोली होती. दार ढकललं तर समोर टेबल, टेबलावर टेलिफोन, आणि टेलिफोनवर डोकं टेकून बसलेली एक मुलगी.

"तुमची ती मालिका बंद करा," तो म्हणाला.

मुलीनं डोकं वर केलं. कपाळावर फोनच्या बटणांचे ठसे उमटले होते.

"आज असं म्हणणारे तुम्ही एकतिसावे. बसा. आवडली नाही म्हणून बंद करू, की कळली नाही म्हणून?"

"मी बघितलीच नाही."

"बघितली नाही, आणि बंद करा?" तिनं पेन खाली ठेवलं. "हे नवीन आहे."

त्यानं खिशातून वही काढून टेबलावर आपटली. आपटली म्हणजे, आपटायची ठरवून आला होता. पण ठशांच्या कपाळाखालचे डोळे त्याच्याकडे बघत होते, म्हणून नुसतीच ठेवली.

तक्रार साधी होती. 'हसू आलं तर कळवा' ही मालिका एका विनोदवीराची. त्याच्या विनोदांना माणसं हसत नाहीत, घरातलं कपाट हसतं. त्याची सावली त्याच्या आधी रंगमंचावर जाते आणि टाळ्या घेऊन परत येते. आणि दर भागात विनोदवीराला वाईट वाटलं की त्याचा आवाज जातो. पुढची चार मिनिटं चित्र चालू, आवाज बंद. दर गुरुवारी, आठ वाजून वीस मिनिटांनी.

"आणि आठ एकवीसला माझा फोन वाजायला लागतो," दुरुस्तीवाला म्हणाला. "टीव्ही बिघडला, या. मी पेटी उचलून धावत जातो. पोचेपर्यंत आवाज आलेला असतो. लोक म्हणतात, वा, तुमचा पायगुण चांगला!"

ती हसली. तोंडावर हात न ठेवता, मोकळं. हसताना तिनं फोनचा रिसीव्हर उचलला आणि परत ठेवला, उगाचच... जणू हातांना काहीतरी काम हवं होतं.

"आणि लोक काय म्हणतात हो? मालिकेबद्दल?"

त्यानं वही उघडली. कुठल्या घरी काय झालं ते लिहून ठेवायची त्याला सवय होती. "एका घरी आजीबाईंनी टीव्हीला दोन चापट्या मारल्या. आवाज आला, तर मला म्हणाल्या, बघा, मारल्याशिवाय कुणी ऐकत नाही. मग ते कपाट हसलं, आणि आजीबाई इतक्या हसल्या की कवळी काढून वाटीत ठेवावी लागली."

"आणखी?"

"एक ड्रायव्हर. म्हणाला, काय चाललंय ते काडीचं कळत नाही, पण सावली टाळ्या घेऊन आली तेव्हा बायकोचा हात धरला. का धरला, ते माहीत नाही म्हणे."

तिनं समोरचा फॉर्म त्याच्याकडे वळवला. त्यावर तीन रकाने होते: आवडली, आवडली नाही, कळली नाही. "मला फोन करतात ते सगळे चिडलेले. ज्यांना आवडते ते कशाला फोन करतील? ते घरी बसून हसतात. ते मला दिसतच नाहीत. तुम्हाला दिसतात." तिनं वहीवर बोट ठेवलं. "दर शुक्रवारी ही वही घेऊन याल?"

भांडायला आलेला माणूस चहा पिऊन गेला.

मग शुक्रवार सुरू झाले. तिसऱ्या शुक्रवारी तिनं फॉर्मवर पट्टीनं रेघ मारून चौथा रकाना केला: 'कळली नाही, पण आवडली.' सहाव्या शुक्रवारी त्याच्या शर्टाला इस्त्री होती. खालचा पहारेकरी त्याला बघितलं की जिन्याकडे बघून ओरडायचा, "प्रतिक्रियाबाई, तुमचा शुक्रवार आला!"

"तुम्ही अजून एकही भाग बघितला नाहीत?" तिनं एकदा विचारलं.

"गुरुवारी आठला मी लोकांच्या जिन्यावर असतो."

"घरी टीव्ही तरी आहे ना?"

"आहे."

"चालतो?"

तो पेटीचा पट्टा नीट करू लागला. "...दिव्याखाली अंधार."

"अय्या! टीव्ही दुरुस्त करणाऱ्याचा टीव्ही बंद?" ती हसली, पण त्याचं तोंड बघून लगेच थांबली. तिनं पुढं विचारलं नाही. बिस्किटांचा पुडा मात्र त्याच्या बाजूला सरकवला. त्या न विचारण्यानं त्याला तिच्याबद्दल जे वाटलं, ते सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हता. आणि नेमकी तीच अडचण होती. लोकांच्या घरचा आवाज आणणारा हा माणूस तिच्यासमोर बसला की स्वतःच मुका व्हायचा.

अकराव्या शुक्रवारी ती हसली नाही.

"साहेब म्हणतात, मालिका आवडणारी वीस घरं दाखवा, नाहीतर बंद. पुढच्या शुक्रवारपर्यंत."

"बंद झाली तर तुम्ही...?"

"हे टेबल मालिकेपुरतंच आहे. मला मुख्य ऑफिसात पाठवतील. इथून रेल्वेनं एक दिवस आणि एक रात्र."

त्यांनी घरं मोजली. एकोणीस भरली. त्यांनी परत मोजली. एकोणीसच.

"एकच," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

दुरुस्तीवाल्यानं वही ओढून घेतली. "एक लिहायचं राहिलंय," असं म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या वहीत खोटं लिहिलं. 'घर विसावं. दोन माणसं. वडील हसत नाहीत. मुलगा हसतो, पण गुरुवारी नाही, शुक्रवारी. मालिका बंद झाली तर या घरात फार शांतता होईल.'

तिनं ते वाचलं. एकदा, मग परत एकदा. "पत्ता?"

पत्ता बनवायला डोकं चालेना. स्वतःचाच लिहून टाकला.

"छान," ती म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण आवाज अगदी ऑफिसचा होता. "नियम आहे, वीस घरांतलं एक मी स्वतः जाऊन तपासायचं. हेच तपासते. गुरुवारी, आठला."

तो घरी निघाला. खोटं उघडं पडेल याची भीती होतीच. पण खरं उघडं पडेल याची जास्त होती.

आई गेली त्याच आठवड्यात त्यांचा टीव्हीही गेला होता. त्याला दोन वर्षं झाली. बाबा म्हणाले होते, राहू दे, कुणाला बघायचाय! तेव्हापासून टीव्हीवर आईनं विणलेलं कापड होतं, आणि समोर तिची खुर्ची, जिच्यावर दोघंही बसत नसत. बिघाड काय असेल ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फुगलेला एक कपॅसिटर. दहा मिनिटांचं काम.

गुरुवारी दुपारी त्यानं कापड काढून घडी घातली आणि मागचं झाकण उघडलं. बाबा दारात उभे राहून बघत होते.

"कुणी यायचंय?"

"ऑफिसच्या बाई आहेत. तपासायला."

"तपासायला टीव्ही की तुला?"

तो टीव्हीच्या मागं वाकला. बाबा आत आले आणि आईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"तुझ्या आईला मी कधी म्हणालो नाही. वाटायचं, तिला माहीतच आहे. होतंच म्हणा माहीत. पण म्हणायला हवं होतं." मग घसा खाकरून ते म्हणाले, "ती लाल तार नीट लाव, लोंबतेय."

आठला दोन मिनिटं कमी असताना ती आली. हातात फॉर्म, केसांवर बारीक पावसाचे थेंब. बाबांना नमस्कार करून तिनं इकडं तिकडं बघितलं, आणि बसायला जागा म्हणून नेमक्या त्या खुर्चीकडे वळली. दुरुस्तीवाला "अहो, ती—" म्हणेपर्यंत बाबाच बोलले, "बस, बस. रिकामीच आहे."

मालिका लागली. विनोदवीर कपाटाला विनोद सांगत होता. कपाट हसलं. बाबांनी चष्मा पुसला. "हे कपाट का हसतंय?"

"कुणाला माहीत नाही, काका," ती म्हणाली.

"येडपट आहे," बाबा म्हणाले, आणि आपली खुर्ची पुढं ओढून घेतली.

आठ वीसला विनोदवीराचा आवाज गेला. तो पडद्यावर तोंड हलवत राहिला, ऐकू काहीच येईना. बाबा ताडकन उठले आणि टीव्हीच्या डोक्यावर एक चापट मारली. "दुपारी सांगत होतो, तार लोंबतेय!"

ती हसायला लागली. दुरुस्तीवाल्यालाही हसू आलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. एक घर, मग दुसरं. त्याचा हात सवयीनं पेटीकडे गेला.

"जाणार?" तिनं विचारलं.

"मी... लोक वाट बघतील."

"हो." ती फॉर्मवर वाकली. "मग मी लिहिते की या घरातला मुलगा गुरुवारी घरी नसतो."

त्यानं पेटी खाली ठेवली. "ते घर खोटं होतं," तो म्हणाला. "म्हणजे पत्ता खरा होता. टीव्ही बंद होता."

"माहीत आहे. पहिल्या दिवशी वहीतून तुमची एक पावती टेबलावर पडून राहिली होती. तिच्यावर हाच पत्ता छापलेला आहे."

"मग तपासायला कशाला आलात?"

"पत्ता तपासायला नाही आले." आता तिनं वर बघितलं. "ती शुक्रवारची ओळ खरी आहे का, ते बघायला आले. मला सोमवारी साहेबांना हो किंवा नाही सांगायचंय. मालिका राहिली तरी मुख्य ऑफिसात मोठी जागा आहे म्हणतात. आता सांगा... काय सांगू?"

फोन वाजतच होता. पडद्यावर विनोदवीर जीव तोडून काहीतरी सांगत होता, ओठ हलत होते, आवाज नव्हता. दुरुस्तीवाल्याचे ओठही तसेच हलले. एकदा... दोनदा...

"जाऊ नको," तो म्हणाला. "म्हणजे... नका जाऊ. म्हणजे, तू जाऊ नकोस. गुरुवारी मी इतकी घरं फिरतो ते शुक्रवारी तुला सांगायला. आवडतेस तू मला. ठसे होते कपाळावर, तेव्हापासून."

"कसले ठसे?"

"फोनच्या बटणांचे."

"आणि तुम्ही तेव्हा सांगितलं नाहीत? मी संध्याकाळपर्यंत तशीच फिरले असेन!" ती रागानं म्हणाली, पण तिचा हात खुर्चीच्या हातावरून त्याच्या बाजूला आला होता आणि तिथंच थांबला होता. त्यानं तो धरला. का धरला, ते त्या ड्रायव्हरला माहीत नव्हतं. याला माहीत होतं.

फोन परत वाजला. या वेळी तो बाबांनी उचलला.

"हां, बोला. आवाज गेलाय? बरोबर आहे, जातो. टीव्ही नाही बिघडलेला. चार मिनिटं गप्प बसा, आवाज येतो परत." पलीकडून काहीतरी मोठ्यानं विचारलं गेलं. बाबांनी त्या दोघांकडे एकदा बघितलं आणि पाठ केली. "नाही, तो आज येणार नाही. आमच्याकडे दोन वर्षांनी आवाज आलाय. तो ऐकू द्या आधी."